उजव्या पायाची नखं आणि आतड्यावरची चरबी

माझं पोट असं आहे की उभं राहिलं की मला माझे पाय दिसत नाहीत. पाय आहेत हे चालायला लागल्यावर कळतं. त्यामुळे गेली पंधराएक वर्षं माझ्या पायाची नखं माझी बायको हिरा कापायची. मी दारातल्या वरच्या पायरीवर बसायचो, ती खालच्या पायरीवर. मी कणगीसारखा, ती काडीसारखी. रस्त्यानं जाणाऱ्या बायका म्हणायच्या, "हिराबाई, सगळं ह्यांनाच चारतीस व्हय गं?" ती मान वर न करता म्हणायची, "मी कशाला चारतीय? माझ्या ताटातलं बी त्येच खात्यात."

त्या शुक्रवारी संध्याकाळी तिनं अर्ध्या ब्लेडनं डावा पाय पुरा केला. उजवा मांडीवर घेतला आणि पोटात कळ आली. ब्लेड पायरीवर ठेवून ती थोडा वेळ तशीच वाकून बसली. मग म्हणाली, "आवं, ह्यो ऱ्हाऊ दे. उजवा सकाळी कापते."

मी म्हणालो, "सकाळी शनवार. शनवारी नखं कापत न्हाईत. ऐतवारी काप."

शनिवारी सकाळी ती आडवी झाली ती उठलीच नाही. जीप करून तिला मिरजेच्या दवाखान्यात नेली. रविवार आला, पण पायरी नव्हती. पाच महिने उजवा पाय तसाच राहिला. जत तालुक्यातून लोणंद-साताऱ्यापर्यंतचा हा प्रवास मी त्याच पायानं केला.

लोक प्रवास करून आले की देऊळ सांगतात, घाट सांगतात. मी आतडी आणि संडास सांगणार आहे. चौथी शिकलेल्या माणसाकडून जास्त अपेक्षा धरू नका.

मंगळवार

जावयाचा फोन आला म्हणून निघालो. जावई दत्ता लोणंदला एका कंपनीत कामाला आहे. "मामा, मंगल जेवत न्हाई. दिवसातनं सात-आठदा संडासला जाती. दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येती. तुमी या."

मी म्हणालो, "पाव्हणं, माझ्याशी ती बोलत न्हाई."

"न्हाई बोलली तर ऱ्हाऊ दे. भांडायला तरी उठंल."

मंगल माझी एकुलती एक पोर. आईच्या मातीला आली, दिवस होईपर्यंत राहिली, माझ्याशी एक शब्द न बोलता गेली, पुन्हा फिरकली नाही. का, ते मला ठाऊक होतं. पुढं सांगतो.

पिशवीत हिराची दवाखान्याची फाईल घातली, चार भाकरी आणि मिरचीचा खर्डा बांधला. आमच्याकडं टँकर आला की गाव रस्त्यावर येतं. मिरजेत गाडीत बसलो आणि सांगलीच्या पुढं दोन्ही अंगानं ऊसच ऊस. एवढं पाणी एका जागी बघितलं की मला आनंद होत नाही, राग येतो.

समोर सांगलीकडचे एक जैन अण्णा बसले होते, हळदीचे व्यापारी. मी पाय लांब केला तर माझ्या अंगठ्याचं नख त्यांच्या कापडी पिशवीत अडकलं. ओढला, तर पिशवीचा दोराच बाहेर आला.

अण्णा वाकून बघत म्हणाले, "आवं, हे नख हाय का नांगराचा फाळ?"

मी पाय बाकाखाली घेतला. ऊन कलल्यावर अण्णांनी डबा उघडला. दिवस मावळायच्या आत जेवायचं, असा त्यांचा नेम. कांदा नाही, लसूण नाही, तरी त्या चटणीला चव होती. मला उगीच वाटायचं की लसणाशिवाय चटणी म्हणजे नुसतं तिखट. मी माझा खर्डा पुढं केला, त्यांनी हात जोडले. लसूण होता ना त्यात.

"तुमचा धंदा काय?"

"मटणाचा गाळा व्हता. बाजाराच्या दिवशी."

अण्णांचा हात डब्यावरच थांबला. "व्हता म्हंजे? बंद केलासा?"

"पाच म्हैनं झालं."

"मग घ्या आनखी एक चपाती," म्हणून त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला. थोड्या वेळानं विचारलं, "का बंद केलासा?"

त्यांच्या जेवणात ते कसं सांगणार? "गुडघं दुखत्यात," म्हणालो. तुम्ही जेवत नसाल तर तुम्हाला सांगतो.

हिराचं पोटाचं दुखणं कित्येक वर्षांचं. कळा, जुलाब, अंगावर मांस म्हणून नाही. आधी आतड्याचा टीबी म्हणून गोळ्या झाल्या. मिरजेच्या डॉक्टरनं दुसरंच नाव सांगितलं, क्रोन. आतड्याला आतून जखमा होतात आणि ते सुजून राहतं. मला त्यातलं एकच कळलं, की बाई वाळलीय. म्हणून मी तिला चरबीचं मटण आणून घालायचो. तिला ते पचायचं नाही. ती माझ्या ताटात सरकवायची आणि मी खायचो. हे पोट असं झालंय.

तर त्या शनिवारी मिरजेत तिचं आतडं बंद झालं होतं. रात्रीत ऑपरेशन करून वीतभर तुकडा काढला. आपल्याकडं पद्धत आहे, काढलेलं नातेवाइकाला दाखवतात. नर्सनं स्टीलच्या तबकात आणून समोर धरलं. दुसरा कोणी चक्कर येऊन पडला असता. मी आयुष्यभर हेच धुतलेलं. मी वाकून नीट बघितलं. आतडं जाड झालेलं, आणि त्याच्या मागच्या अंगानं पिवळीधमक चरबी बोटं पसरावीत तशी पुढं येऊन त्याला धरून बसलेली.

आता बकरं फाडल्यावर आतड्यावर अशी चरबी दिसली की मी गिऱ्हाइकाला बोलवून दाखवायचो. बघ, खात्यापित्या घरचा माल हाय. ज्याच्या आतड्यावर चरबी, ते जनावर निरोगी. हे माझं शास्त्र. त्या शास्त्रावर माझं घर चाललं होतं. मला एवढा आनंद झाला! म्हणलं, वरनं काडी दिसती, पण म्हातारी आतनं भरलेली हाय.

सकाळी उठून मी सगळ्या गावाला फोन केले. मंगलला पण केला. तिच्या नणंदेचं लग्न होतं त्या आठवड्यात. मी म्हणालो, "मंगे, पळत यिऊ नको. आतनं एकदम झक्कास हाय. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. लगीन उरकून ये."

खालच्या हॉटेलात जाऊन दोन प्लेट पुरी-भाजी खाल्ली. डॉक्टर काही सांगत होते, अशक्तपणा लय आहे, टाके धरले पाहिजेत. मी त्यांनाच धीर दिला. पाचव्या दिवशी हिरा गेली. मंगल लग्नाच्या मांडवातून आली, तेव्हा आईचं तोंड झाकलं होतं.

मंगळवार, संध्याकाळ

लोणंदला उतरलो की कांद्याचा वास येतो. बाजारचं गाव. आमच्याकडं बाजाराला शेळ्या-मेंढरांचा वास, इथं कांद्याचा. मला हा बरा वाटला, डोळ्यात पाणी आलं तर कुणी विचारत नाही.

मंगलनं दार उघडलं. "आलासा?" म्हणाली आणि आत गेली. पाठीमागून बघितलं तर वाटलं हिराच चाललीय. झंपर खांद्यावरून उतरत होता. जेवण वाढलं, स्वतः ताकात कालवलेला मऊ भात चार घास खाल्ला. मग तव्यावरची शेवटची भाकरी फडक्यात गुंडाळली आणि भिंतीला टेकून बसली, ती गरम भाकरी पोटाला उजव्या अंगाला खाली दाबून.

हिरा असंच करायची. चाळीस वर्षं मला वाटायचं की भाकरी गरम राहावी म्हणून हिरा ती पोटाशी धरते.

बुधवार

सकाळी दत्ता चहा देऊन बाजूला झाला. शहाणा आहे. मी फाईल काढली आणि म्हणालो, "मंगे, साताऱ्याला पोटाची डॉक्टर हाय म्हणं. जाऊया."

"मला काय झालं न्हाई."

"तुझ्या आईला बी काय झालं नव्हतं."

एवढं निघालं आणि ती उसळली. "तुमी बोलू नका आबा! तुमीच म्हणलासा न्हवं, आतनं झक्कास हाय? मी डोळ्यानं बघितलंय म्हणलासा. मी मांडवात नाचत व्हती, तिकडं आई मला हाका मारत व्हती! आता मला सांगाय आलासा?"

जावयानं सांगितलं होतं तसं झालं, भांडायला उठली. मी पण एरवी आवाज चढवला असता. त्या दिवशी नाही चढवला. मी तिला तबकाचं सगळं सांगितलं. चरबी कशी दिसत होती, मला बकऱ्याचं शास्त्र कसं आठवलं, खाली जाऊन पुरी-भाजी खाल्ली, दुसरी प्लेट पण मागवली. काही लपवलं नाही. "मी खोटं बोललो न्हाई, मंगे. मी येडा हाय."

मग तिचं लक्ष माझ्या पायाकडं गेलं. "हे काय? एका पायाची नखं काय अस्वलाकडनं उसनी आणलीसा?"

मी तेही सांगितलं. पायरी, ब्लेड, शनिवार.

तिनं पदरानं नाक पुसलं. "तुमी ती नखं कापा. मी साताऱ्याला येती."

"ते व्हायचं न्हाई."

"मग माझं बी न्हाई."

डोक्यानं आईवर गेलीय. शेवटी ठरलं, तिच्या तपासण्या झाल्या की दुसऱ्या दिवशी मी नखं कापायची. दत्ताला साक्षीदार ठेवला.

साताऱ्याला पोचलो. अजिंक्यतारा डोक्यावर घेऊन बसलेलं गाव. आमच्याकडं असं उभं काही नाही, सगळं आडवं. डॉक्टर म्हणजे मंगलच्याच वयाची बाई. तिनं मंगलचं पोट दाबून बघितलं, मग हिराची फाईल पहिल्या पानापासून वाचली. एका कागदावर बोट ठेवून म्हणाली, "आतड्याला चरबीनं वेढा दिला होता, असं लिहिलंय."

मी म्हणालो, "मी बघितलाय तो." आणि माझं शास्त्र तिलाही सांगितलं. वाटलं हसेल. हसली नाही.

"बाबा, बकऱ्याच्या आतड्याला मागून पातळ पडदा असतो ना, ज्यातून रक्ताच्या शिरा येतात?"

"असतो की. सगळी चरबी त्यातच."

"माणसाचंही तसंच. ती चरबी मागं आपल्या जागी असते. पण या आजारात आतड्याला आतून जखमा होतात, भिंतीतून जंतू बाहेर झिरपायला लागतात. मग ती चरबी सरकत सरकत पुढं येते आणि दुखऱ्या आतड्याला कवटाळते."

"म्हंजे राखणीला येती. चांगलंच की."

"सुरुवातीला राखणीलाच येत असावी. जंतू पोटात पसरू नयेत म्हणून. पण मग ती चरबीच सुजते, आतड्याची सूज धरून ठेवते, नळी जाड होते, आवळत जाते. राखण किती आणि नासाडी किती, यावर आम्हा डॉक्टरांचं अजून एकमत नाही."

"आवं, पण बाईच्या अंगावर पावशेर चरबी नव्हती!"

"अंगावरच्या चरबीचा याच्याशी संबंध नाही. हाडं दिसणाऱ्या माणसाच्याही आतड्याला ती असते." मग माझ्या शर्टाच्या बटणाकडं बघून म्हणाली, "तुमची गोष्ट वेगळी आहे. तिच्याबद्दल नंतर बोलू."

मंगल एकदम म्हणाली, "राखणीला म्हणून यायचं, गच्च धरून बसायचं आणि माणसाला श्वास घिऊ द्यायचा न्हाई. म्हंजे आमच्या आबागत."

आता डॉक्टरबाई हसली. मीही हसलो, पण मला ते लागलं. हिरा माहेरी चार दिवस राहते म्हणाली की मी दुसऱ्या दिवशी न्यायला हजर. दवाखान्याला एकटी जाते म्हणाली की मी सोबत, आणि डॉक्टरनं तिला विचारलेलं मी सांगायचो. तिला काय होतंय ते तिच्या तोंडून मी कधी पुरं ऐकून घेतलं नाही.

त्याच दिवशी पोटाचा स्कॅन झाला. दुर्बिणीची तपासणी शुक्रवारी ठरली.

गुरुवार

दुर्बीण घालायची म्हणजे आतडं धुऊन निघालं पाहिजे. त्यासाठी एक पावडर पाण्यात कालवून दुपारपासून ग्लासमागून ग्लास प्यायची. मंगलनं एक प्यायला, दुसरा तोंडापाशी नेऊन खाली ठेवला. "उलटी येती. मी न्हाई पीत. राहू दे ती तपासणी."

एवढं जमवून आणलेलं एका ग्लासावर अडलं होतं. म्हणलं, "त्यात काय हाय? मिठाचं पाणी. मी पितो तुझ्यासंगं."

दत्ता म्हणाला, "मामा, ते तसलं न्हाई हो."

मी ऐकतोय कुणाचं! एक ग्लास घटाघटा, दुसरा तिच्या बरोबरीनं. वर मिशीवरून हात फिरवला. "बघ, हाय का काय?"

अर्ध्या तासानं कळलं काय हाय ते. पोटात ढग गडगडल्यासारखं झालं. घरात संडास एक. आत मंगल.

"मंगे, बाहेर ये!"

"आता तर आली न्हवं मी आत!"

"अगं बापाची आब्रू चाललीय!"

"जाऊ दे तिकडं!"

दत्तानं शेजारच्यांची किल्ली आणली तोवर मी मागच्या परड्यात पाण्याची बाटली घेऊन धावलो होतो. माझ्या वयाचा, माझ्या वजनाचा माणूस तेवढ्या वेगानं पळताना लोणंदनं पहिल्यांदा बघितला असेल. परत आलो तर मंगल उंबऱ्यावर बसून हसत होती. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसत होती. आईच्या माघारी तिला हसताना मी बघितलं नव्हतं. हसता हसता तिनं तिसरा ग्लास पुरा केला.

दिवे लागेपर्यंत आम्ही बापलेक पाळीपाळीनं आतबाहेर करत होतो. दत्तानं फोन करून डॉक्टरला विचारलं तर ती म्हणाली, बाबांना मीठ-साखरेचं पाणी पाजा आणि पुन्हा त्यांना कोणत्याही ग्लासाजवळ सोडू नका. मंगलच्या पोटातली कळ अधूनमधून येत होती. तेव्हा मी विचारलं, "कुठं दुखतंय, सांग." आणि ती सांगत होती तोवर तोंड उघडलं नाही. लय अवघड काम आहे ते.

शुक्रवार

साताऱ्याला पोचलो. मंगलला आत नेली. आत जाताना तिनं माझ्याकडं बघितलं. मी उठलो, तर दत्तानं शर्ट धरून खाली बसवलं. राखणदारानं बाहेर बसायचं.

सातारचे कंदी पेढे लोक घेऊन जातात म्हणून मीही घेतले, आणि बाकावर बसून एकही खाल्ला नाही. माझ्याबद्दल ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे.

डॉक्टरबाईनं आम्हा तिघांना समोर बसवलं. बारीक आतड्याच्या शेवटाला जखमा आहेत. तिथला कणभर तुकडा तपासायला पाठवलाय, टीबी नाही ना हे आधी बघावं लागेल. पण आईचाच आजार असावा असं दिसतंय. मग तिनं स्कॅन उजेडापुढं धरला. मला नुसते ढग दिसले.

मंगलनं विचारलं, "ती चरबी? आईसारखी?"

"एका बाजूनं जराशी पुढं यायला लागलीय. वेढा दिलेला नाही. नळी उघडी आहे. औषधानं सूज उतरवायला वेळ आहे आपल्याकडं. लवकर आलात."

मला उठून तिचे पाय धरावे वाटलं, पण वाकलो असतो तर परत उठवायला चार माणसं लागली असती. मी विचारलं, "म्हंजे बरी व्हईल?"

"जन्मभर औषध आणि जन्मभर तपासण्या. नीट केलं तर नीट जगेल."

गाडीत मंगल झोपली. गुंगी उतरली नव्हती. डोकं माझ्या खांद्यावर आलं. हात उचलून तिच्याभोवती टाकणार होतो. टाकला नाही. नुसता खांदा तेवढा घट्ट धरून बसलो. लोणंद येईपर्यंत माझी मान अवघडली.

शनिवार

सकाळी गावाकडून भावाचा फोन आला. "पोरगी कशी हाय रं? काय म्हणत्यात?"

पाच महिन्यांपूर्वी अशाच एका सकाळी मी सगळ्या गावाला आतलं सांगितलं होतं. म्हणालो, "जखमा हायत. औषध चालू व्हईल. आतलं मला कळत न्हाई रं गड्या. कळलं म्हणजे डॉक्टरीण सांगंल."

मग दत्ताच्या दाढीच्या डब्यातून ब्लेड घेतलं, मधून मोडून अर्धं केलं आणि दारातल्या पायरीवर जाऊन बसलो. उजवा पाय डाव्या मांडीवर येईना. पोट आडवं. श्वास बाहेर सोडून पोट आत ओढलं, दोन्ही हातांनी घोटा धरून वर घेतला. पाय बघून मला माझीच लाज वाटली.

मंगल भाकरीचं फडकं पोटाशी धरून दारात आली.

"आबा, आज शनवार हाय."

"ठावं हाय," म्हणालो, आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.